केसपेपरवरील नोंद आणि सत्याचे अणुव्रत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे हा लहान काळ नव्हे. या काळात कार्यकर्ते बदलले, इमारतींचे रंग बदलले. परंतु देणगीच्या प्रत्येक रुपयाची पावती आणि खर्चाच्या प्रत्येक रुपयाची नोंद ठेवण्याचा शिरस्ता बदलला नाही. लोक ट्रस्टवर विश्वास ठेवतात तो या वह्यांच्या बळावर. आपला समाज हिशेबाच्या वहीचे पूजन करणारा समाज आहे. रोजमेळातील पान फाडायचे नसते, आकडा खोडून त्यावर दुसरा गिरवायचा नसते, चूक झालीच तर जमाखर्चाची दुरुस्ती नोंद स्वतंत्रपणे टाकायची असते, हे आपल्या घरातल्या मुलाला कोणी शाळेत शिकवत नाही. तो दुकानाच्या गादीवर बसून शिकतो.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते अशाच एका वहीविषयी, जी आपल्या दुकानात नसते, पण आपल्या प्रत्येकाच्या नावाने कोठे ना कोठे उघडलेली असते. ती म्हणजे रुग्णाचा केसपेपर. दवाखान्यातील कार्ड, रुग्णालयातील फाइल, परिचारिकेचा तक्ता, प्रयोगशाळेचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, वैद्यकीय प्रमाणपत्र हे सारे तिचे भाग होत. या वहीतील नोंद खरी आहे हे कशावरून मानायचे, आणि ती खरी राहावी यासाठी आपले कर्तव्य काय, असे दोन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या गावाच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. इर्शाळगडाच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आपले चौक वसले आहे. येथे आजारी पडलेला किंवा महामार्गावर जखमी झालेला माणूस पुष्कळदा येथेच बरा होत नाही. प्राथमिक उपचार येथे होतात आणि पुढे त्याला खोपोली, पनवेल, कामोठे किंवा थेट मुंबई गाठावी लागते. रुग्ण बेशुद्ध असतो, नातेवाईक भेदरलेले असतात, येथील डॉक्टर येथेच राहिलेले असतात. अशा वेळी पुढच्या डॉक्टरांशी बोलतो तो फक्त कागद.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात आपल्या भागातील शेतकरी आणि वाड्यांवरील आदिवासी बांधव यांना हा धोका नित्याचा आहे. रक्तावर परिणाम करणाऱ्या विषात रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी ते काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात. न गोठल्यास प्रतिविष देतात आणि साधारण सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करून पुढील मात्रेचा निर्णय घेतात. आता समजा, कागदावर ‘प्रतिविष दिले’ एवढेच लिहिलेले आहे. किती कुप्या दिल्या, किती वाजता दिल्या, कोणी दिल्या, काही नाही. पुढच्या डॉक्टरांनी ते सहा तास मोजायचे कोठून? औषध पुन्हा द्यावे की थांबावे? नोंद केलेली आहे, पण तिला आधार नाही. अशी नोंद असणे आणि नसणे यांत फारसा फरक उरत नाही.

नोंद प्रमाणभूत ठरण्यासाठी चार प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच मिळाली पाहिजेत. ही नोंद कोणाविषयी आहे? ती कोणी केली? केव्हा केली? आणि केल्यानंतर ती जशीच्या तशी राहिली आहे काय?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण आपल्या समाजात तर तो मुळीच सोपा नाही. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, जवळपास एकाच वयाचे दोन गृहस्थ एकाच गल्लीत सापडतात. म्हणून केवळ नावावर न थांबता नाव आणि नोंदणी क्रमांक, किंवा नाव आणि जन्मतारीख, अशा किमान दोन खुणा पाहाव्यात असा रुग्णालयांचा नियम आहे. तो प्रत्येक पानाला लागू आहे. कारण फाइलमधून सुटलेल्या पानाला स्वतःचे नाव नसेल तर ते पान अनाथ होते.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. सही म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातील वळणदार रेघ नव्हे. ती कोणाची हे पाच वर्षांनी अपरिचित माणसालाही कळले पाहिजे. म्हणून सहीसोबत नाव, हुद्दा आणि डॉक्टर असल्यास नोंदणी क्रमांक हवा. जो तपासतो त्यानेच लिहावे, आणि जो लिहितो त्यानेच सही करावी. रात्री डॉक्टरांनी दूरध्वनीवरून औषध सांगितले, तर परिचारिकेने ते लिहून घ्यावे, लिहिलेले परत वाचून दाखवावे, कोणी सांगितले आणि कोणी ऐकले ही दोन्ही नावे वेळेसह नोंदवावीत, आणि नंतर डॉक्टरांनी स्वतः येऊन त्यावर सही करावी. या साध्या रीतीमुळे ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हा वाद टळतो आणि चुकीचे औषधही टळते.

तिसरा प्रश्न वेळेचा. तारीख लिहिण्याची सवय बहुतेकांना आहे. घड्याळाची वेळ लिहिण्याची सवय कमी आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या निकषांत प्रत्येक नोंदीवर कर्त्याचे नाव, सही, दिनांक आणि वेळ असावी, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. धावपळीत एखादी नोंद राहून गेली तर ती नंतर करता येते. मात्र ‘उशिरा केलेली नोंद’ असे तिच्यावर लिहून, घटनेची वेळ आणि लिहिण्याची वेळ या दोन्ही वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात. उशीर लपवण्यासाठी मागची वेळ टाकली की प्रामाणिक नोंदही संशयास्पद ठरते.

चौथा प्रश्न बदलाचा. आपल्या ज्ञानभंडारांतील हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्यांच्या शेवटची पुष्पिका आठवेल. लेखक तेथे आपले नाव, संवत, तिथी, गाव आणि ग्रंथ कोणासाठी लिहिला ते नमूद करतो. वैद्यकीय नोंदीकडून आज जे मागितले जाते त्यातील बराचसा भाग आपल्या लेखकांनी शतकांपूर्वी नित्यनेमाने पाळला होता. त्याच हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासून ती झाकलेली दिसतात. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. ग्रंथाच्या प्रतीत ते योग्यच होते, कारण मूळ पाठ दुसऱ्या प्रतीत सुरक्षित असे. रुग्णाच्या कागदाला दुसरी प्रत नसते. म्हणून तेथे हरताळीला, म्हणजे आजच्या पांढऱ्या व्हाइटनरला, जागा नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, खालचा मजकूर वाचता यावा, शेजारी योग्य शब्द लिहून सही, दिनांक आणि वेळ टाकावी. चूक दिसू देणे हाच खरेपणाचा पुरावा ठरतो. रोजमेळाचा नियम हाच नाही काय?

सज्जनहो, ही केवळ शिष्टाचाराची बाब आहे असे कोणी समजू नये. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीचे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे विनियम या बाबतीत स्पष्ट आहेत. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपल्या पाहिजेत. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्या दिल्या पाहिजेत. दिलेल्या प्रत्येक वैद्यकीय प्रमाणपत्राची नोंद स्वतंत्र रजिस्टरमध्ये ठेवावी, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा आणि शरीरावरील एखादी ओळखखूण असावी, असेही त्यांत सांगितले आहे. असत्य किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन असून त्यासाठी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. २०१६ साली केलेल्या दुरुस्तीने औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असेही सांगितले गेले. २०२० साली वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित ठेवले.

नोंदीवर रुग्णाचा हक्क आहे, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालय किंवा डॉक्टर रुग्णाला त्याच्याच कागदपत्रांच्या प्रती नाकारू शकत नाहीत, अशी भूमिका घेतली. मागताना संकोच करण्याचे कारण नाही. न्यायालयात तर या कागदांचे महत्त्व अधिकच वाढते. वेळच्या वेळी केलेली साधी नोंद डॉक्टरला वाचवते. मागाहून घुसवलेली एक ओळ मात्र उरलेल्या सगळ्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडवते.

खऱ्या नोंदीचे सामर्थ्य किती असते याचे उज्ज्वल उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय आणि पुढे फुप्फुसात पाणी होणे, ही लक्षणे कोणत्या क्रमाने येतात हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून टिपले. त्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. १९८६ साली प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचा लेख त्याच नियतकालिकात आला. विंचूदंशाच्या उपचाराची दिशा त्यामुळे बदलली. २०२२ साली त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. बिरवाडीला तेव्हा मोठी यंत्रे नव्हती. होता तो रुग्ण, घड्याळ आणि जे दिसले तेच लिहिणारा हात. त्या नोंदींतील वेळ अंदाजाने टाकलेली असती, तर लक्षणांचा क्रम कोणाला सापडला असता? खेड्यातील केसपेपरही जगाच्या उपयोगी पडू शकतो, तो खरा असेल तर.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सहीला कायदेशीर मान्यता दिली. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ साली प्रथम आणि २०१६ साली सुधारून जाहीर केली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. त्यातील ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक आपल्यापैकी अनेकांकडे असेल. आपल्या संमतीने एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयाला पाहता यावी, हा त्यामागील विचार आहे. महामार्गावरच्या आपल्या गावाला त्याचा मोठाच लाभ आहे.

परंतु यंत्राने सत्य आपोआप निर्माण होत नाही. संगणकावर पासवर्ड हीच सही असते. एकाच पासवर्डवर चौघांनी काम केले, तर चौघांच्या नोंदी एकाच्या नावाने जमा होतात, आणि कर्ता कोण या प्रश्नाचे उत्तर हरवते. कालचा मजकूर उचलून आज चिकटवण्याची सवय लागली, तर परवा उतरलेला ताप कागदावर आठवडाभर राहतो. यासाठी चांगल्या प्रणालीत कोणी, केव्हा, काय उघडले आणि काय बदलले याचा माग आतल्या आत ठेवलेला असतो. जुनी नोंद पुसली जात नाही, तिच्यावर नवी चढते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. मजकुरावरून गणिताने काढलेला तो एक अंक-अक्षरांचा ठसा आहे असे समजा. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. वहीच्या तळाची बेरीज जुळली नाही की मुनीम थांबतो, तसेच हे आहे.

येथवर मी डॉक्टर आणि रुग्णालयांच्या कर्तव्याविषयी बोललो. यापुढे बोलायचे आहे ते आपल्याविषयी.

तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमण करताना वंदित्तु सूत्रातही त्याचा उच्चार होतो. आपण तो शब्द ऐकतो आणि मनात खोटे दस्तऐवज, खोटे खत असे काहीतरी दूरचे येते. पण डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून आपणच काय काय मागतो ते आठवून पाहावे. ‘डॉक्टरसाहेब, मेडिक्लेम आहे, मधुमेह दहा वर्षांचा आहे असे लिहू नका.’ ‘ॲडमिशन एक दिवस आधीचे दाखवा.’ ‘मुलाची परीक्षा चुकली, मागच्या तारखेचे सर्टिफिकेट द्या.’ या मागण्या वाईट माणसे करतात असे नाही. धार्मिक, दानशूर, रोज मंदिरात जाणारी माणसेही करतात, आणि नाही म्हणणाऱ्या डॉक्टरला ‘माणुसकी नाही’ असे म्हणतात.

थोडा विचार करू. दहा वर्षांचा मधुमेह कागदावर ‘नुकताच आढळला’ असा लिहिला गेला. पुढे याच कागदावर विश्वास ठेवून दुसरा डॉक्टर शस्त्रक्रियेचा, भुलीचा, औषधाच्या मात्रेचा निर्णय घेणार. मूत्रपिंडे किती थकली असतील याचा त्याचा अंदाज चुकणार. विमा कंपनीसाठी बोललेले असत्य रुग्णाच्याच देहावर उलटते. जेथे असत्यातून जीवाला इजा पोहोचते, तेथे सत्यव्रताबरोबर अहिंसाव्रतालाही बाधा येते. व्यवहारातही त्यात शहाणपण नाही. २०२४ सालच्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिल्यास माहिती न सांगितल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण नाही. प्रामाणिकपणे जुना आजार सांगणाऱ्याला काही काळ थांबावे लागते. खोटी नोंद करवून घेणारा मात्र आयुष्यभर धास्तीत राहतो.

त्याच अतिचारांत रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे, हेही आहेत. रुग्णाची माहिती ही डॉक्टरकडे, रुग्णालयाकडे आणि आरोग्य शिबिर घेणाऱ्या संस्थेकडे ठेवलेली ठेवच होय. कोणाच्या मुलीची कोणती तपासणी झाली याची चर्चा पंगतीत होते, तेव्हा ती ठेव आपण बुडवलेली असते.

आपल्या तपश्चर्येशी निगडित असा एक मुद्दा येथे सांगणे आवश्यक आहे. अठ्ठाई, मासक्षमण, वर्षीतप करणारे आपले बंधू-भगिनी पुष्कळदा डॉक्टरांना उपवासाविषयी सांगत नाहीत, किंवा रात्री औषध घेणार नाही हे तोंडी सांगून टाकतात. नकार हा रुग्णाचा अधिकार आहे. पण नकाराचीही नोंद व्हावी, त्याचे परिणाम समजल्याची सही व्हावी. संमतीपत्राचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात, संमती ही खरी, समजून घेतलेली आणि त्या विशिष्ट उपचारापुरती असली पाहिजे, असा दंडक घालून दिला. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. आपल्या आजीला गुजराती किंवा मारवाडीच कळत असेल, तर कोणी समजावून सांगितले त्याचे नावही लिहावे.

वृद्धांच्या अखेरच्या काळाविषयीही असेच. जीवरक्षक यंत्रे लावावीत की नाहीत याविषयीचे आगाऊ इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते आता करता येते. संथाऱ्याचे व्रत ही वेगळी, गुरुसाक्षीने घेण्याची गोष्ट आहे. तिची आणि या कायदेशीर कागदाची गल्लत करू नये. पण ज्याला आपली इच्छा पाळली जावी असे वाटते, त्याने ती प्रमाणित करून घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या हाती ठेवावी. ‘बाबा असे म्हणाले होते’ या वाक्यावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांत होणारे तंटे त्याने टळतील.

शेवटी आपल्या ट्रस्टपुढे काही नम्र सूचना ठेवतो. ट्रस्टच्या नावाने जेथे जेथे आरोग्य शिबिर होईल तेथे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तपासणाऱ्याचे नाव, सही आणि वेळ असावी. सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या कोणाच्याही हाती नसाव्यात. ज्यांना लिहिता येत नाही अशा ठाकूर-कातकरी बांधवांचा अंगठा साक्षीदाराच्या नावासह घ्यावा, आणि त्यांचे नाव व वाडी अचूक लिहावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ज्यांची घरे गाडली गेली त्यांचे कागदही घरांबरोबर गेले. अशा माणसासाठी दवाखान्यातील रजिस्टरमधील अचूक नोंद हाच त्याच्या आजाराचा आणि उपचाराचा उरलेला पुरावा असतो. प्रत्येक कुटुंबानेही एक आरोग्य फाइल ठेवावी. दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कागदावर आपले नाव बरोबर आहे का, तारीख-वेळ आहे का, डॉक्टरांचे नाव वाचता येते का, एवढे पाहावे. आणि चूक आढळल्यास स्वतः खोडाखोड न करता डॉक्टरांकडूनच ती दुरुस्त करून, सहीसह घ्यावी.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण अनेक संकल्प केले आहेत. त्यांत एक छोटा संकल्प जोडावा, अशी माझी विनंती आहे. कोणत्याही डॉक्टरकडे खोटी तारीख, खोटा इतिहास किंवा खोटे प्रमाणपत्र मागायचे नाही, आणि जो डॉक्टर ते नाकारतो त्याचा मान राखायचा. या संकल्पाला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत या गावातून पनवेलकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकेतील एखाद्या रुग्णाचे प्राण अशा एका खऱ्या नोंदीने वाचले, तर त्या पुण्यात आपला वाटा असेल.